खारबांधाच्या डागडुजीचे पैसे कुठून येणार?

महोदय,

पंचगंगेचे पाणी कृष्णेतून बंगालच्या उपसागराला जाते, तेव्हा अरबी समुद्र वाढला तर कोल्हापूरला काय त्याचे, असे अनेकांना वाटते. पण महापूर असो की समुद्राची चढाई, राज्याची तिजोरी एकच. १५व्या वित्त आयोगाने २०२१-२६ साठी राज्यांच्या आपत्ती निधीतला २० टक्के वाटा आपत्तीआधीच्या उपायांसाठी वेगळा काढला. शिरोळ-करवीरची पूरनियंत्रणाची कामे आणि रायगड-रत्नागिरीचे खारबांध, दोघांनाही तिथेच हात पसरायचा आहे.

खारबांध म्हणजे भरतीचे पाणी भातशेतीत शिरू नये म्हणून घातलेला मातीचा बांध. त्याचा जीव उघाडीत, म्हणजे बांधात पाणी सोडायला ठेवलेल्या झडपेच्या वाटेत असतो. उघाडीची झडप भरतीच्या दाबाने मिटते आणि ओहोटीला शेतातले पाणी बाहेर सोडते. झडपेत ओंडका अडकला, बिजागरी गंजली किंवा खेकड्यांनी बांध पोखरला की खारे पाणी आत येते. वेळीच लक्ष दिले नाही तर बांध फुटून खांड पडते, आणि जमिनीतले मीठ धुऊन निघायला दोन-तीन पावसाळे जातात. खांड तशीच राहिली तर शेतात कांदळवन उगवते, मग कायद्याने ते तोडता येत नाही. समुद्र चढला की ओहोटीत झडप उघडी राहण्याचा वेळही घटतो. बांध शाबूत असूनही पावसाचे पाणी शिवारात तुंबते, म्हणजे उघाड्याही वाढवाव्या लागणार.

नुसती उंची वाढवायची म्हटली तरी खर्च फुगतो. माथा दीड मीटर, दोन्ही उतार एकास दोन (उंचीच्या दुप्पट आडवे) धरले, तर दोन मीटर उंच बांधाला दर मीटर लांबीमागे ११ घनमीटर माती लागते, अडीच मीटरला सव्वासोळा. उंची पाव पटीने वाढली, माती जवळपास दीडपट झाली.

शिवाय प्रस्ताव अडतो वटाव दरावर, म्हणजे भविष्यातल्या रकमेची आजची किंमत काढताना धरायच्या वार्षिक दरावर. ५० वर्षांनी टळणाऱ्या एक कोटीच्या नुकसानीची आजची किंमत १० टक्के दराने सुमारे ८५ हजार रुपये भरते, ४ टक्क्यांनी १४ लाख. तोच बांध एका दराने तोट्याचा, दुसऱ्याने फायद्याचा ठरतो. कोणता दर धरला आणि का, हे प्रत्येक प्रकल्प अहवालात ठळक छापलेच पाहिजे.

सर्वांत मोठी उणीव देखभालीची आहे. कोल्हापुरी बंधाऱ्याचे बरगे (पाणी अडवायच्या फळ्या) वेळेवर घातले-काढले नाहीत तर काय होते, हे इथे कुणाला सांगायला नको, उघाडीचेही तसेच. पूर्वी गावे 'जोळ' पद्धतीने एकत्र येऊन बांध राखत, ती रीत आता मोडली आहे. नवीन बांधाला मंजुरी मिळते, पण दर वैशाखात झडप साफ करायला आणि माती चढवायला पैसा नसतो. एक कोटीच्या बांधाला वर्षाला दोन लाख लागतील असे धरले, तर ७ टक्के व्याजाने सुमारे २९ लाखांची ठेव हवी. महागाई धरली तर त्याहून जास्त. ही ठेव मूळ मंजुरीतच असावी आणि तिचे व्याज गावातल्या शेतकऱ्यांच्या समितीच्या हाती द्यावे. जिल्ह्यातल्या आमदारांनी अर्थसंकल्पी अधिवेशनात ही मागणी लावून धरावी. आपल्याकडच्या पूरसंरक्षक भिंतींनाही हाच नियम हवा आहे.

आपला,
एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर