सेन्सरवरचा भंडारा फुंकरीने जात नाही

संपादक महोदय,

आपल्या रविवार पुरवणीत कॅमेऱ्याची निगा कशी राखावी यावर एक टिपण आले होते. त्यातील बराचसा मजकूर उपयुक्त असला, तरी सेन्सरवरची (कॅमेऱ्यातील चित्र टिपणाऱ्या पटलावरची) धूळ ‘हलकी फुंकर मारून, आणि तरीही न गेल्यास मऊ सुती कापडाने’ पुसावी हा सल्ला वाचून हे पत्र लिहिणे भाग पडले.

मी सासवडचा रहिवासी असून जेजुरीच्या सोमवती यात्रेची छायाचित्रे हौसेखातर बरीच वर्षे काढत आलो आहे. मागच्या एका सोमवतीला पालखी गडाच्या पायऱ्या उतरत असताना मला लेन्स बदलण्याचा मोह आवरला नाही, आणि त्या अर्ध्या मिनिटात वरून उधळलेला भंडारा कॅमेऱ्याच्या उघड्या तोंडात शिरला. गर्दीतली जवळची चित्रे मोठ्या अ‍ॅपर्चरने, म्हणजे लेन्समधले प्रकाशाचे छिद्र मोठे ठेवून, काढलेली असल्यामुळे त्यांत काहीच दिसले नाही; मात्र कऱ्हाकाठी एफ/१६ वर, म्हणजे छिद्र लहान करून, टिपलेल्या प्रत्येक आभाळात त्याच त्या जागी सात करडे डाग होते. याचे कारण असे की, धूळ प्रत्यक्ष सेन्सरवर बसत नाही, तर त्याच्या किंचित पुढे असलेल्या काचेच्या फिल्टरवर बसते. अ‍ॅपर्चर मोठे असताना प्रकाश अनेक कोनांतून येतो व कणाची सावली विरून जाते, तर ते लहान केले की तीच सावली ठसठशीत उमटते.

साधी कोरडी धूळ रबरी ब्लोअरने उडते, याबद्दल वाद नाही. तीच झटकण्यासाठी ऑलिंपसने २००३ साली ई-१ या कॅमेऱ्यात सेन्सरपुढचा फिल्टर अतिजलद कंप पावण्याची सोय केली आणि पुढे इतर कंपन्यांनीही तशा सोयी आणल्या. परंतु हळदीत मुळातच तेलाचा अंश असतो, त्यात आपल्याकडची पावसाळी दमट हवा लागली की कण काचेला अक्षरशः डकतो, आणि मग कंप व वारा हे दोन्ही उपाय निष्फळ ठरतात. तोंडाने फुंकर मारल्यास थुंकीचे सूक्ष्म तुषार त्यावर बसतात. दाबाखालील हवेच्या डब्याने तर आतला द्रवच काचेवर उडून नवा डाग पडण्याची भीती असते. सुती कापडाबद्दल काय लिहावे! धुळीत वाळूचा एखादा कण असला, तर ते कापड काचेवरील लेपाला पॉलिश पेपरसारखे घासते.

मी कॅमेरा एका दुरुस्ती केंद्रात नेला. तेथील गृहस्थांनी माझ्यादेखत ब्लोअर चार वेळा दाबला, पावती फाडली आणि कॅमेरा परत दिला. घरी येऊन तपासले तेव्हा सातांपैकी पाच डाग जागचे हललेले नव्हते. दुसऱ्या केंद्रात फिल्टरच बदलावा लागेल असे सांगून जी रक्कम मागण्यात आली, तेवढ्यात वापरलेली पण उत्तम लेन्स आली असती.

अखेर एका जुन्याजाणत्या स्टुडिओवाल्यांनी ते डाग माझ्याकडूनच काढून घेतला. त्यांनी आधी एफ/१६ वर, फोकस मुद्दाम बिघडवून, पांढऱ्या भिंतीचे छायाचित्र घ्यायला लावले. चित्रात वर डावीकडे दिसणारा डाग कॅमेऱ्याच्या समोरून पाहताना खाली डावीकडे असतो, ही साधी गोष्ट मला इतकी वर्षे ठाऊक नव्हती. मग पूर्ण चार्ज केलेली बॅटरी घालून मेन्यूतील सफाईचा पर्याय निवडला. त्याने सेन्सरपुढचा आरसा वर उचलला जातो व शटर उघडे राहते; मध्येच बॅटरी संपली तर दोन्ही थेट स्वॅबवर, म्हणजे सफाईच्या मऊ पट्टीवर, येऊन आदळतात. स्वॅब सेन्सरच्या उंचीएवढाच रुंद हवा, म्हणजे ३६ × २४ मिलिमीटरच्या फुल-फ्रेम सेन्सरला २४ मिलिमीटरचा. त्यावर मिथेनॉल या अल्कोहोलाने युक्त द्रवाचे दोनच थेंब टाकायचे, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत एकदाच ओढायचा, उलटी बाजू वापरून एकदाच परत आणायचा आणि टाकून द्यायचा. पहिला स्वॅब पिवळाधमक निघाला व काचेवर फिकट पिवळा ओघळ राहिला. हळदीचा रंग पाण्यात नव्हे, तर अल्कोहोलात विरघळतो, त्यामुळे हे अपेक्षितच होते. तिसऱ्या स्वॅबनंतर भिंतीच्या चित्रात एकही डाग उरला नाही. हा द्रव विषारी व ज्वालाग्राही असल्याने खिडकी उघडी ठेवावी आणि देवघरातील समई दूर असावी, हेही सांगितले पाहिजे. ज्यांचा हात थरथरतो, किंवा ज्यांच्या कॅमेऱ्यात हाताचा कंप सावरण्यासाठी सेन्सर स्वतःच हलतो, त्यांनी मात्र हे काम जाणकारावर सोपवावे.

डाग पडला म्हणजे मालकाचाच निष्काळजीपणा, असेही समजू नये. निकॉनच्या २०१२ सालच्या डी-६०० या कॅमेऱ्यात वारंवार डाग पडत असल्याच्या तक्रारी एवढ्या झाल्या की, २०१४ मध्ये कंपनीने तपासणी, सफाई आणि शटर बदलून देण्याची सेवा विनामूल्य जाहीर केली.

माझी विनंती दोन बाबींपुरती आहे. आपण पुरवणीत फुंकर आणि कापड यांविषयीचा खुलासा छापावा. तसेच सफाईचे पैसे घेणाऱ्या केंद्रांनी आधीचे व नंतरचे, एफ/१६ वर काढलेले भिंतीचे छायाचित्र ग्राहकाला दाखवावे, आणि ग्राहकांनीही ते पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत. लग्नातील हळदी टिपून पोट भरणाऱ्या गावोगावच्या छायाचित्रकारांना दुसरा कॅमेरा परवडत नाही. चंपाषष्ठीला जेजुरीत पुन्हा भंडारा उधळला जाईल; त्याआधी खुलासा आला, तर त्यांच्यापैकी काहींना तरी त्याचा उपयोग होईल.

आपला विश्वासू,
एक हौशी छायाचित्रकार,
सासवड, जि. पुणे