अडसर आत जाताना नाही, बाहेर पडताना

मा. संपादक,
स. न. वि. वि.

अल्पसंख्याक विद्यार्थी मोठ्या प्रमाणावर शिकतात अशा महाविद्यालयांसाठीचे सुमारे ३५ कोटी डॉलरचे अनुदान अमेरिकेच्या शिक्षण खात्याने सप्टेंबर २०२५ मध्ये थांबवले. वंशाच्या टक्केवारीवर पात्रता ठरवणे घटनाबाह्य आहे, असे खात्याचे म्हणणे. त्यावर आपल्या दैनिकातील लेखाचा सूर ‘अमेरिकेनेही अखेर आरक्षण गुंडाळले’ असा होता. मी न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात राहते आणि एका कम्युनिटी कॉलेजात (दोन वर्षांच्या पदवीचे सरकारी कॉलेज) गणिताच्या शंका सोडवायला बसते, म्हणून हे लिहिते आहे.

कम्युनिटी कॉलेजात आरक्षण असायला मुळात जागांची मारामारी तर हवी! बारावी झालेल्या कोणालाही तिथे प्रवेश मिळतो. मेरिट लिस्ट नाही, कट-ऑफ नाही. त्यामुळे कोणाची जागा कोणी हिसकावली, हा प्रश्नच उद्भवत नाही. अडचण पुढे येते. दोन वर्षांचा अभ्यासक्रम तीन वर्षांतही पुरा न करणारी मुले खूप, आणि त्यांत कृष्णवर्णीय, लॅटिनो व गरीब घरांतली मुले अधिक. ही दरी कमी करण्यासाठी ते अनुदान होते. ते विद्यार्थ्याच्या खात्यात जमा होत नसे, कॉलेजला मिळे. पंचवीस टक्के विद्यार्थी लॅटिनो असतील तर कॉलेज एका योजनेला पात्र, दहा टक्के आशियाई असतील तर दुसरीला. त्यातून शिकवणी-कक्ष उभा राहिला की त्याच्या दारात कोणी जात विचारत नाही. नवऱ्याच्या नोकरीमुळे इथे आलेली, भारतातली पदवी असूनही पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करणारी मराठी मुलगी त्याच टेबलाशी बसते. थांबलेल्या योजनांत ही आशियाईंसाठीचीही आहे, हे त्या लेखात आले असते तर बरे झाले असते.

आता हे पैसे वाया जातात का? काही जातात. ‘अचीव्हिंग द ड्रीम’ हा कम्युनिटी कॉलेजांतली गळती कमी करण्याचा मोठा उपक्रम २००४ मध्ये एका प्रतिष्ठानच्या पैशावर सुरू झाला. पहिल्या २६ कॉलेजांचा अहवाल २०११ मध्ये आला तेव्हा एकूण निकाल जवळपास होते तिथेच होते. आकडेवारी गोळा झाली, समित्या बसल्या, पण बहुतेक उपक्रम मूठभर विद्यार्थ्यांपर्यंतच पोचले. अनुदान आले की आधी बाहेरचा सल्लागार नेमायचा आणि कार्यशाळा घ्यायची, ही सवय इकडेही आहे.

पण याच न्यूयॉर्कमध्ये उलट उदाहरण आहे. सिटी युनिव्हर्सिटीने २००७ मध्ये आपल्या कम्युनिटी कॉलेजांत ‘एसॅप’ नावाची योजना काढली. तेव्हाचे महापौर ब्लूमबर्ग यांच्या दारिद्र्यनिवारण कार्यालयाने तिला पैसे दिले. विद्यार्थ्याने पूर्णवेळ शिकायचे आणि कॉलेजात मार्गदर्शन करणाऱ्या सल्लागाराला नियमित भेटायचे. त्याच्या बदल्यात शिष्यवृत्तीनंतर उरलेली फी माफ, पाठ्यपुस्तकांना मदत, आणि भुयारी रेल्वे व बसचा महिन्याचा पास. पास भेटीगाठींना जोडलेला होता. गाठ पडली नाही तर पास नाही. एका सल्लागाराकडे साठ ते ऐंशीच मुले. एरवी हाच आकडा सहाशे ते दीड हजार असतो. म्हणजे एरवी सल्लागाराला मुलाचे नावही ठाऊक नसते, तो कॉलेज सोडून गेला हे कळणे तर दूरच.

‘एमडीआरसी’ या संशोधन संस्थेने तीन कॉलेजांत या योजनेची तपासणी केली. पात्र विद्यार्थ्यांच्या जणू चिठ्ठ्या टाकल्या: काहींना योजना, काहींना नेहमीचे कॉलेज. मुले कमी उत्पन्नाच्या घरांतली, बहुतेक लॅटिनो किंवा कृष्णवर्णीय. तीन वर्षांनी योजनेतली ४० टक्के मुले पदवी घेऊन बाहेर पडली, दुसऱ्या गटातली २२ टक्के. दर विद्यार्थ्यामागे खर्च बराच वाढला, पण पदवीधर इतके वाढले की दर पदवीमागचा खर्च कमी भरला. हा हिशेब कोणत्याही वाण्याला पटेल. पुढे ओहायोतल्या तीन कॉलेजांत हीच पद्धत वापरली, तिथे योजनेतली ३५ टक्के, तर दुसऱ्या गटातली १९ टक्के मुले पदवीपर्यंत पोचली.

दुसरा अडसर बीजगणिताचा. प्रवेश मिळाल्यावर होणाऱ्या गणिताच्या चाचणीत कमी पडलेल्या मुलांना आधी पदवीत न मोजला जाणारा पायाभूत बीजगणिताचा वर्ग घ्यावा लागे, आणि हजारो मुले तिथेच थांबत. न्यूयॉर्कच्या याच सिटी युनिव्हर्सिटीत २०१३ मध्ये अशा काही मुलांना थेट संख्याशास्त्राच्या वर्गात बसवले आणि सोबत दर आठवड्याला मदतीचा वर्ग दिला. त्यांतली ५६ टक्के उत्तीर्ण झाली. जुन्या वाटेने बीजगणित करणारी ३९ टक्के. मुले कच्ची नव्हती, चाळणीच चुकीची होती.

कोल्हापुरात शाहू महाराजांनी व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग उघडले १९०१ मध्ये, आणि अमेरिकेतले पहिले सरकारी कम्युनिटी कॉलेज इलिनॉयमधील जोलिएटला सुरू झाले तेही १९०१ मध्येच. हा निव्वळ योगायोग. पण शाळा सर्वांना खुली झाली तरी गावाकडच्या पोराला राहायला खोली आणि दोन वेळचे जेवण नसेल तर तो टिकत नाही, हे महाराजांना तेव्हाच कळले होते. अमेरिकेला कळायला फार वेळ लागला.

माझा आक्षेप अनुदानाच्या मुदतीवर आहे. अशी अनुदाने बहुधा पाच वर्षांची. पहिले वर्ष माणसे नेमण्यात जाते, शेवटचे त्या माणसांनी दुसरी नोकरी शोधण्यात. ‘एसॅप’ टिकली, कारण निकाल दिसल्यावर शहराने तिला आपल्या अर्थसंकल्पात घेतले आणि सुमारे अकराशे विद्यार्थ्यांवरून ती २५ हजारांपर्यंत वाढवली. नियमित अंदाजपत्रकात न आलेली योजना वॉशिंग्टनमधल्या एका पत्रकाने एका दिवसात संपते, हे सप्टेंबर २०२५ मध्ये दिसले.

आपल्याला एक विनंती. महाराष्ट्रात ग्रामीण मुलींना एसटीचा मोफत पास बारावीपर्यंत मिळतो, कॉलेजात गेल्यावर सवलतीचा पास काढावा लागतो. पदवीच्या पहिल्या वर्षाला नाव घातलेल्या मुलामुलींपैकी शेवटच्या वर्षाची परीक्षा किती जण देतात, हे विद्यापीठनिहाय, जिल्हानिहाय आपल्या प्रतिनिधींनी मिळवून छापावे. प्रवेशाच्या टक्केवारीवर आपण रकानेच्या रकाने भरतो. या आकड्यांना एक पान द्यावे.

आपली,
एक वाचक, क्वीन्स, न्यूयॉर्क