लगेजच्या डब्यातल्या मंडळींचे आभार

2018 चा जुलै, आषाढीच्या तोंडावर. रात्रभर पिऊन सकाळी कल्याणहून सीएसएमटी फास्ट पकडली. घाईत (खरं तर झिंगेत) लगेजच्या डब्यात शिरलो. पाट्या, पोती आणि मधोमध तुमचं भजन. पखवाज नव्हता, पत्र्यावर ठेका धरलेला. माझ्या तोंडाला वास येत होता, तो तुम्हाला आलाच असणार. तरी पांढऱ्या टोपीवाल्या काकांनी माझ्या हातात टाळ कोंबले. "ताल चुकला तरी चालेल, टाळ सोडू नका," एवढंच म्हणाले.

पारसिकचा बोगदा 1916 चा, साधारण सव्वा किलोमीटरचा. त्यात गाडी शिरली आणि गजर दुप्पट झाला. काळोखात मी रडलो. शेजारच्या कोळीण मावशींनी पाटी जरा सरकवली आणि मला टेकायला जागा केली. बोलल्या काहीच नाहीत.

काका, तुम्ही दादरला माझ्याबरोबर उतरलात. कटिंग पाजलात. तुमचा त्या दिवसाचा हाफ डे गेला असणार, हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं. संध्याकाळी मला एका चर्चमागच्या खोलीत अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या, म्हणजे दारू सोडू पाहणाऱ्यांच्या, सभेला नेलंत. गळ्यात तुळशीची माळ घालून तुम्ही तिथे चहाचे कप विसळत होतात! तुम्हीही आमच्यातलेच, हे तेव्हा कळलं.

आडनाव तिथे कुणी विचारत नाही, म्हणून मलाही तुमचं ठाऊक नाही. टाळांची ती जोडी अजून माझ्याकडेच आहे. परत करायची राहिली.