सेफचा नंबर

ती. बाबा आणि आई,
सा. न.

त्या दिवशी व्हिडिओ कॉलवर ईशान बोलून गेला, "आजी, आमच्याकडे गन आहे, पण मला नंबर माहीत नाही." आई, तू भाजी करपतेय म्हणून फोन बाबांकडे दिलास. तेव्हापासून माझ्याशी फक्त पावसापाण्याचं बोलतेस. म्हणून लिहिते.

हो, आहे. नाइन एमएमचं पिस्तूल, २०२० पासून. इतकी वर्षं लपवलं, ते चुकलंच.

२०१७ साली कॅन्ससमधल्या ओलेथच्या बारमध्ये आपल्याकडच्या दोन इंजिनिअरांवर "माझ्या देशातून चालते व्हा" म्हणत एकाने गोळ्या झाडल्या, त्यात एक गेला. तेव्हा बाबा म्हणाले होते, परत या. आम्ही आलो नाही. मग करोनाच्या दिवसांत एक पिकअप दुकानाच्या पार्किंगपासून आमच्या गल्लीच्या तोंडापर्यंत माझ्या मागे आला. झालं काहीच नाही. हॉर्न वाजवत थोडा वेळ थांबला आणि गेला. ईशान मागच्या सीटवर झोपलेला. पुढच्याच शनिवारी मी बंदुकीच्या दुकानात गेले.

बाबा, आजोबांची ठासणीची बंदूक आठवते ना? रानडुकरांपासून भात राखायला शेतीसंरक्षणाचा परवाना, त्याच्या नूतनीकरणासाठी खेटे, आणि निवडणूक लागली की गोणपाटात गुंडाळून एसटीने पोलीस ठाण्यात जमा. इथे एक फॉर्म भरला: फरारी आहात का, नशा करता का, घरच्यांना मारहाण केल्याबद्दल शिक्षा झालीय का. एफबीआयकडून हिरवा कंदील आला आणि तासाभरात पिशवी हातात. चपला घ्यायला मला याहून जास्त वेळ लागतो. २०२१ पासून तर इथे टेक्सासमध्ये पिस्तूल कमरेला लावून फिरायला बहुतेकांना परवानाही लागत नाही.

नेमबाजीच्या रेंजवर शिकवणाऱ्या बाई साठीच्या, कृष्णवर्णीय. त्या म्हणाल्या, १९६७ साली कृष्णवर्णीयांच्या ब्लॅक पँथर संघटनेवाले बंदुका घेऊन पोलिसांवर नजर ठेवायला लागले, तेव्हा कॅलिफोर्नियात गव्हर्नर रेगननी भरलेली बंदूक उघड्यावर बाळगायला बंदी घातली. (पँथर म्हटल्यावर बाबांनी चष्मा वर केला असणार.) बाईंचं म्हणणं मला पटतं. पण त्याच रेंजच्या भिंतीवर तोफेचं चित्र असलेला झेंडा आहे, "या, घेऊन दाखवा" असं लिहिलेला. तिथली माणसं वाईट नाहीत, एकाने मला टायर बदलून दिला. तरी बंदुकीबद्दल ती ज्या लाडाने बोलतात, त्याची शिसारी येते. आणि नेम बरोबर बसला की मलाही बरं वाटतं.

२०२२ मध्ये याच टेक्सासमध्ये, युवाल्डीच्या शाळेत, १८ वर्षांच्या पोराने १९ मुलं आणि २ शिक्षिका मारल्या. रायफल कायदेशीर विकत घेतलेली. पोलीस तासाहून जास्त वेळ वर्गाबाहेर थांबून होते. रायफलीसाठी २१ वर्षांची अट मागणाऱ्यांनाच मी मत देते, पण रेंजवर हे बोलत नाही. भित्रेपणा म्हणा.

आता एक गोष्ट, जी निखिललाही सांगितलेली नाही. गेल्या हिवाळ्यात त्याची नोकरी गेली होती. एका रात्री दोन वाजता तो गॅरेजमध्ये दिवा न लावता बसलेला दिसला. म्हणाला, झोप येत नाही. इथे बंदुकीने जाणाऱ्यांतले निम्म्याहून जास्त लोक स्वतःच्याच हाताने जातात, हे मी कुठेतरी वाचलं होतं. सकाळी सेफचा नंबर बदलला. त्याने आजवर विचारलेलं नाही. म्हणजे सेफ उघडून पाहिलीच नाही, की पाहिली आणि गप्प राहिला, ते मला माहीत नाही. आता नवी नोकरी लागलीय, हसतो, ईशानला पोहायला नेतो. त्याला यातलं काही बोलू नका.

आई म्हणेल, मग विकून टाक. एकदा निघालेही होते, अर्ध्या वाटेवरून परत आले. रात्री शेजारचा कुत्रा भुंकला की अजून पहिला विचार सेफचाच येतो, आणि दुसरा निखिलचा.

बाबा, एक विचारायचं होतं. निवडणूक संपली तरी आजोबा ठाण्यातून बंदूक आणायला आठवडाभर टाळाटाळ करायचे. आजी ओरडायची, डुकरं भात खाऊन जातील. ते तसं का करायचे? तुमच्याजवळ कधी बोलले होते का?

तुमची,
मनू