बुलांजेने कच खाल्ली का?

चि. ताईस अनेक आशीर्वाद.

परवा ब्रुसेल्सहून तू फोनवर म्हणालीस, की जनरल बुलांजेने ऐन वेळी कच खाल्ली, नाहीतर फ्रान्सची सत्ता त्याच्या हाती आलीच होती. ते बोलणे मनातून जाईना.

१८८६ मध्ये फ्रान्सचा युद्धमंत्री होताच त्याने शिपायांचे जेवण सुधारले, त्यांना दाढी राखण्याची मुभा दिली. आणि दकाझव्हिल या खाणींच्या गावातल्या संपावर सैन्य पाठवले असता त्याने संसदेत सांगितले, की कदाचित या क्षणी प्रत्येक शिपाई आपले सूप आणि पाव खाणकामगाराबरोबर वाटून खात असेल. मी बावीस वर्षे फौजेत काढली. लंगरात येऊन स्वतः डाळीत डाव फिरवून पाहणारे आमचे एक साहेब, त्यांच्या कडक इस्त्रीच्या बाहीवर उडालेला पिवळा शिंतोडा, मला आजही दिसतो. त्यामुळे बुलांजेवरचे लोकांचे प्रेम मला खोटे वाटत नाही. १८७० च्या युद्धात जर्मनांकडून झालेल्या पराभवाने पोळलेल्या लोकांना काळ्या घोड्यावरचा तो सेनानी आपला वाटला. १८८७ मध्ये सरकारने त्याला दूर क्लेर्माँ-फेराँला धाडले, तेव्हा त्याची गाडी अडवायला माणसे रुळांवर उतरली होती.

माझा राग आहे तो पुढच्या गोष्टीवर. संसद विसर्जित करा, नवी घटना समिती बोलवा, घटना बदला, एवढेच तो सांगे आणि ज्याने त्याने त्यात आपापली इच्छा ऐकली. प्रजासत्ताकाच्या नावाने मते मागणाऱ्या या माणसाने राजेशाहीवाद्यांकडून गुपचूप पैसा घेतला. उझेसच्या डचेसने एकटीने तीस लाख फ्रँक दिले. ज्या मजुराने त्याला मत दिले, त्याची ही फसवणूक होती.

२७ जानेवारी १८८९ रोजी पॅरिसमध्ये सुमारे २ लाख ४५ हजार मते घेऊन तो जिंकला आणि त्या रात्री समर्थक एलिझे प्रासादावर, म्हणजे राष्ट्राध्यक्षांच्या निवासावर, चालून जाण्याचा आग्रह करत असताना तो गेला नाही. तू त्याला भित्रेपणा म्हणतेस. कारण काहीही असो, पण मताने मिळवायचे ते फौजेच्या जोरावर घेण्याचे त्याने टाळले, आणि त्याच्या साऱ्या राजकारणात मला मान्य असलेली एवढी एकच गोष्ट आहे.

अटकेच्या भीतीने तो १ एप्रिलला तुझ्याच शहरात पळून आला, आणि त्या वर्षीच्या निवडणुकीत त्याच्या पक्षाची धूळधाण झाली. मार्गरीत द बोनमाँ ही त्याची सखी जुलै १८९१ मध्ये क्षयाने गेली; ३० सप्टेंबरला तिच्या कबरीवरच त्याने स्वतःला गोळी घातली. ब्रुसेल्समधल्याच इक्सेलच्या दफनभूमीत दोघे एकत्र आहेत. तुझ्याविना अडीच महिने मी जगलो तरी कसा, अशा अर्थाचे त्याचे शब्द तिथे दगडावर कोरले आहेत. सुट्टीच्या दिवशी जाऊन ये आणि अक्षरे अजून वाचता येतात का, ते मला कळव.

तुझे बाबा