जागा बदलायची तर आधी माणसाशी बोला

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

२०२५ च्या वर्ल्ड सिरीजची, म्हणजे अमेरिकन बेसबॉलच्या फायनलची, बातमी आपल्या क्रीडा पानावर चार ओळींत आली. लॉस एंजेलिस डॉजर्सनी टोरंटो ब्लू जेजना सातव्या मॅचमध्ये ५-४ हरवलं, मॅच ११ इनिंगपर्यंत गेली, डॉजर्स लागोपाठ दुसऱ्या वर्षी चॅम्पियन, संपली बातमी. बाकी पान फुटबॉलला होतं आणि ते असायलाच पाहिजे, आपण गोव्यात राहतो, ऑक्टोबरमध्ये अल नासर फातोर्ड्याला आली तेव्हा रोनाल्डो येणार नाही हे कळल्यावरसुद्धा मी फोंड्याहून गेलो होतो. पण त्या बेसबॉल मॅचच्या शेवटच्या बॉलवर जे झालं ते बघून मला हे पत्र लिहिल्याशिवाय राहवेना.

टोरंटोचा एक माणूस तिसऱ्या बेसवर, एक पहिल्या बेसवर, एक आउट, बरोबरीला एका रनची गरज. त्यांच्या कर्कने मारलेला बॉल जमिनीवरून सरळ शॉर्टस्टॉपकडे, म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधल्या फील्डरकडे आला, त्याने तो उचलला, स्वतः दुसऱ्या बेसवर पाय ठेवून एक आउट केला आणि लगेच पहिल्या बेसला थ्रो मारून दुसरा. तीन आउट झाले, वर्ल्ड सिरीज तिथेच संपली. तो शॉर्टस्टॉप म्हणजे मूकी बेट्स. आपल्याकडे तेव्हा रविवारी सकाळचे पावणेदहा वाजत आले होते, घरात सगळे नाश्ता करत होते आणि मी मोबाइल हातात धरून नुसता बसून होतो, कारण बेट्स हा आमचा माणूस, बॉस्टन रेड सॉक्सचा, आमच्याच मॅनेजमेंटने देऊन टाकलेला.

‘आमचा’ का म्हणतो ते सांगतो. मी तेरा वर्षं क्रूझ बोटीवर होतो, गॅलीत, म्हणजे बोटीच्या किचनमध्ये. त्यातले बरेच उन्हाळे आमची बोट बॉस्टन ते बर्म्युडा अशी फिरायची, बॉस्टनला लागली की काही तास सुट्टी मिळायची. माझा केबिन पार्टनर डोमिनिकन रिपब्लिकचा, त्याने मला हा खेळ शिकवला, केबिनच्या फरशीवर साबणाच्या वड्या मांडून हा पहिला बेस हा दुसरा बेस असं करून. रेड सॉक्सच्या फेनवे पार्कला पहिल्यांदा गेलो तेव्हा ती ३७ फूट उंच हिरवी भिंत बघून मला कळेना की मैदान १९१२ सालचं आणि माणसं अजून त्याच अरुंद लाकडी खुर्च्यांवर एवढी खुशीत कशी बसतात. नंतर मी पण त्यांच्यातलाच झालो. २०१८ ला रेड सॉक्सनी १०८ मॅच जिंकल्या आणि वर्ल्ड सिरीजही, बेट्स त्या वर्षी लीगचा एमव्हीपी, म्हणजे सर्वोत्तम खेळाडू होता, आणि तिसऱ्या बेसवर एक गोल चेहऱ्याचा हसरा पोरगा उभा असायचा, राफाएल डेव्हर्स. आमचा डोमिनिकन पार्टनर त्याचं नाव नुसतं ऐकलं तरी खूश व्हायचा.

फेब्रुवारी २०२० मध्ये बेट्सला डॉजर्सना दिला. त्याचा करार त्या वर्षी संपणार होता आणि तो मागेल तेवढे पैसे द्यायची मालकांची तयारी नव्हती, एवढंच कारण. बदल्यात तीन पोरं आली, त्यातला २०२५ मध्ये टीममध्ये एकच उरला होता, कॅचर (आपल्या विकेटकीपरसारखा) वाँग. डॉजर्सनी बेट्सला १२ वर्षांचे ३६५ मिलियन डॉलर दिले आणि तो तिथे तीनदा वर्ल्ड सिरीज जिंकला. बॉस्टन गरीब टीम आहे असं कोणाला वाटत असेल तर गोव्यात गल्लोगल्ली लिव्हरपूलचे फॅन आहेत त्यांना विचारा, लिव्हरपूलचा आणि रेड सॉक्सचा मालक एकच ग्रुप आहे.

आता मुद्दा. बेट्स कित्येक वर्षं राइट फील्डचा, म्हणजे उजवीकडच्या आउटफिल्डचा खेळाडू, तिथे सहा वेळा गोल्ड ग्लव्ह, म्हणजे फील्डिंगचं बक्षीस, मिळवलेला. डॉजर्सना शॉर्टस्टॉपला माणूस हवा होता म्हणून तिशी ओलांडल्यावर त्याला तिथे उभा केला, ही बेसबॉलमधली सगळ्यात कठीण जागांपैकी एक, क्रिकेटमध्ये बाउंड्रीवरच्या माणसाला तिसाव्या वर्षी सिली पॉइंटला उभा करण्यासारखं म्हणा. आणि त्याची बॅटिंग? २०२५ मध्ये .२५८, करिअरमधलं सगळ्यात कमी ॲव्हरेज. सीझनच्या सुरुवातीला आजारी पडून वजन उतरलं होतं, महिनोन्महिने बॅट चालत नव्हती. पण त्याला कोणी जागेवरून हलवलं नाही, आणि शेवटचा बॉल त्याच्याकडेच आला.

त्याच वर्षी आमच्याकडे डेव्हर्सचं काय केलं बघा. २०२३ च्या सुरुवातीला त्याच्याशी १० वर्षांचा ३१३.५ मिलियनचा करार केला, तिसरा बेस तुझाच असा शब्द तेव्हाच्या मॅनेजमेंटने दिला असं तो सांगतो. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये तेव्हाचा बेसबॉल प्रमुख, काइम ब्लूम, गेला आणि क्रेग ब्रेस्लो आला. साहेब बदलला की आधीच्या साहेबाचा शब्द गेला, हे आपल्याला वेगळं समजावून सांगायला नको. २०२५ च्या फेब्रुवारीत ॲलेक्स ब्रेगमनला घेतलं, तो पण तिसऱ्या बेसवाला. डेव्हर्सने पत्रकारांसमोर सांगितलं की ती जागा माझी आहे, मी हलणार नाही. मग थोड्या दिवसांनी बिचारा तयार झाला, डेझिग्नेटेड हिटर म्हणून, म्हणजे फक्त बॅटिंग करायची, फील्डिंगला उतरायचंच नाही. सीझनच्या पहिल्या पाच मॅचमध्ये १९ वेळा बॅटिंग आणि एकही हिट नाही, १५ स्ट्राइकआउट. त्या आठवड्यात मी पहाटे पावणेपाचला उठून मॅच लावायचो आणि तो आउट होऊन डगआउटमध्ये जाऊन बसला की कॅमेरा त्याच्यावर जायचा. मधला अर्धा अर्धा तास तो काय करत असेल हा विचार माझ्या डोक्यात यायचा. सात वर्षं ज्याने प्रत्येक इनिंगला हातात ग्लव्ह घालून मैदानात धाव घेतली त्याला बसून राहा म्हटलं तर त्याचं अंग गार पडणारच ना.

पण पठ्ठ्या सावरला, मे महिन्यात तर धुलाई करत होता. आणि नेमका तेव्हाच फर्स्ट बेसवाल्या कासासचा गुडघा गेला, मग त्याच मॅनेजमेंटने डेव्हर्सला सांगितलं की आता तू फर्स्ट बेसला ये. त्याने भर पत्रकारांत नकार दिला, म्हणाला की तुम्हीच मला सांगितलं होतं ग्लव्ह ठेवून दे, आता तुमचं काम तुम्ही करा आणि दुसरा माणूस शोधा. प्रकरण एवढं वाढलं की मालक जॉन हेन्री स्वतः विमानाने कॅन्सस सिटीला गेले त्याच्याशी बोलायला. माझं म्हणणं एवढंच की हे बोलणं फेब्रुवारीत का नाही झालं? ब्रेगमनला सही करायला लावण्याआधी डेव्हर्सला एक फोन का नाही? ब्रेस्लो तर स्वतः पिचर, म्हणजे आपल्या बॉलरसारखा, होता, २०१३ च्या चॅम्पियन टीममध्ये होता, ड्रेसिंग रूममध्ये अशी गोष्ट दुसऱ्याकडून कळली की कसं लागतं हे त्याला माहीत नसेल असं होऊच शकत नाही.

१५ जूनचा रविवार मी विसरणार नाही. यँकीजबरोबर दुपारची मॅच, म्हणजे आपल्याकडे रात्री अकराला सुरू, बाहेर पाऊस कोसळत होता, मध्ये दोनदा लाइट गेली, मी मोबाइलच्या डेटावर बघत होतो. डेव्हर्सने होम रन मारला, २-० जिंकलो, यँकीजना तिन्ही मॅच हरवल्या. इतक्या आनंदात झोपलो की काय सांगू. सकाळी पोदेराच्या भोंप्याने जाग आली, पाव घेतले, गॅलरीत उभं राहून मोबाइल उघडला तर डेव्हर्स सॅन फ्रान्सिस्को जायंट्सला गेला होता. मी झोपलो आणि दीड-दोन तासांत ट्रेड झाला. ज्या दिवशी त्याने होम रन मारला त्याच दिवशी. पावाची पिशवी हातात तशीच, बायको आतून विचारतेय काय झालं, आणि तिला काय सांगणार.

आणि पुढचं बघा. तोच डेव्हर्स जायंट्सकडे जुलैत फर्स्ट बेसला उभा राहिला. त्याच जागेवर जी जागा आमच्यासाठी खेळणार नाही म्हणाला होता. तिथे बेसबॉलचा प्रमुख बस्टर पोझी, जुना कॅचर, तीन वर्ल्ड सिरीज जिंकलेला माणूस. तिथे त्याच्याशी काय बोलणं झालं ते मी ऐकायला नव्हतो, पण माणूस तोच, जागा तीच आणि उत्तर वेगळं आलं, याचा अर्थ विचारणाऱ्यात काहीतरी फरक असणार. सीझनमध्ये एकूण ३५ होम रन मारले त्याने.

लोक म्हणतील त्याचीही चूक होती, ३१३ मिलियन घेतोस आणि टीम अडचणीत असताना नाही म्हणतोस? होती, मी मान्य करतो, कासास पडला तेव्हा त्याने पुढे यायला हवं होतं आणि त्या दिवशी मी पण त्याच्यावर चिडलो होतो. कोणी असंही म्हणेल की ट्रेडनंतर रेड सॉक्स २०२१ नंतर पहिल्यांदा प्लेऑफला गेले. गेले, ८९ मॅच जिंकून गेले, रोमन अँथनी नावाचा एकवीस वर्षांचा पोरगा जबरदस्त खेळला म्हणून आणि क्रोशेची पिचिंग होती म्हणून. पण प्लेऑफमध्ये यँकीजबरोबर पहिली मॅच जिंकून पुढच्या दोन हरलो, तीन मॅचमध्ये मिळून सहा रन, शेवटच्या मॅचमध्ये शून्य. तेव्हा अँथनी पण जखमी होता आणि डेव्हर्ससारखी एक बॅट हवी होती, ती कुठे होती सगळ्यांना माहीत आहे. डेव्हर्सच्या बदल्यात चौघे आले, त्यातल्या टिब्जला जुलैमध्येच दुसऱ्या ट्रेडमध्ये डॉजर्सना दिला, हिक्सला आमच्याकडे काही केल्या सूर सापडला नाही. आणि ज्या ब्रेगमनसाठी हे सगळं रामायण झालं तो सीझन संपल्यावर करारातली सोय वापरून मोकळा झाला. एका सीझनपुरता तिसरा बेस.

बेसबॉल दूरचा खेळ आहे, पण ह्या गोष्टी इथे पण होतात म्हणून मला एवढं लागतं. माझा भाचा सतरा वर्षांचा, फुटबॉल खेळतो, लहानपणापासून स्ट्रायकर. आमच्या भागातल्या एका क्लबात, नाव लिहीत नाही, यंदा कमिटीने बाहेरून दोन पोरं आणली पुढे खेळायला. ह्याला कोणी काही बोललं नाही. मॅचच्या दिवशी मैदानाच्या कडेला बसून बूट बांधत असताना नावं वाचली गेली तेव्हा कळलं की आज आपण स्टॉपर बॅक, म्हणजे मागे बचावाला. त्या दिवशी त्याच्या बाजूने दोन गोल गेले, तो लहान तोंड करून घरी आला, आणि दोन दिवसांनी चहाच्या गाड्यावर कमिटीतलेच एकजण मला म्हणाले, पोराचा परफॉर्मन्स घसरलाय हो, लक्ष नाही त्याचं. मी काही बोललो नाही, बोलायला हवं होतं. पुढचे तीन आठवडे त्याचे बूट गच्चीच्या जिन्यावर प्लास्टिकच्या पिशवीत पडून होते, स्टडमध्ये लाल माती सुकून घट्ट झालेली, माझ्या बहिणीने एकदा धुवायला काढले तर म्हणाला राहू दे. स्टॉपर बॅक खेळायला त्याची ना नव्हती असं त्याने मला नंतर सांगितलं. म्हणाला, मामा, आदल्या दिवशी सांगितलं असतं तर प्रॅक्टिस तरी केली असती.

त्याचं हे वाक्य ऐकलं तेव्हा मला डेव्हर्सच आठवला. एकाला ३१३ मिलियन डॉलर मिळतात आणि दुसऱ्याला मॅचनंतर एक केळं आणि भजी-पाव, पण दुखणं एकच.

आता २०२५ च्या सीझननंतरच्या हिवाळ्यात बॉस्टनला पुन्हा तेच दिसतंय. आउटफिल्डला जागा तीन आणि चांगले खेळाडू चार, दुरान, अब्रेयू, राफाएला आणि अँथनी, त्यातल्या कोणाला तरी देणार अशी चर्चा चालू आहे, जास्त करून दुरानचं नाव येतंय. द्यायचा तर द्या, टीम बांधायची तर कधीकधी द्यावंच लागतं, मी भाबडा नाही. पण ज्याला काढायचंय किंवा ज्याची जागा बदलायचीय त्याला आधी समोर बसवून सांगा, पेपरमधून कळू देऊ नका.

आणि संपादकसाहेब, आपल्याला विनंती, मार्चअखेर नवा सीझन सुरू होईल तेव्हा आठवड्यातून एकदा तरी पॉइंट टेबल छापा. मी एकटाच वाचणारा नाही, बोटीवरून परत आलेली बरीच माणसं आहेत फोंड्यात, डिचोलीत, वास्कोत, कोणी यँकीजवाला आहे, कोणी मायामीवाला. भाच्याचे बूट गेल्या रविवारी धुतले, त्याने स्वतः.

आपला,
एक रेड सॉक्सप्रेमी वाचक,
फोंडा, गोवा