पावसात सादळलेली पूड

ताळगाव पठार
जुलै महिना

ती. बाबा आणि ती. आई यांना सा. न.

बाबा, फोनवर तुम्हाला नीट ऐकू येत नाही आणि आई "जेवलीस ना?" विचारून फोन ठेवते, म्हणून लिहिते आहे. माझा प्रबंध वर्षभर का लांबला हे तुम्ही दोघांनी कधी विचारलं नाही. गावात "अजून शिकतेच का?" म्हणणारे भेटले असतील, तेही माझ्यापर्यंत येऊ दिलं नाहीत. आता सगळं सांगते.

मी जी काळी पूड बनवते ती मँगनीज आणि तांब्याच्या ऑक्साइडांची. दोन्ही धातूंच्या नायट्रेटच्या द्रावणात सोड्याचं पाणी थेंबथेंब सोडायचं, बसलेला साका गाळून धुवायचा, वाळवायचा आणि ३०० अंशांवर भट्टीत ठेवायचा. हाताला लागली की बोटं काळी होतात. तुम्ही रिवणच्या खाणीवरून यायचात तेव्हा तुमची बोटं अशीच असायची आणि आई नारळाचं सोडण हातात द्यायची. तोच मँगनीज, बाबा.

या पुडीवरून कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू सोडला की तो पुडीवरचा ऑक्सिजन उचलतो आणि त्याचा कार्बन डायऑक्साइड होतो. रिकामी झालेली जागा हवेतला ऑक्सिजन भरून काढतो. पूड होती तशीच राहते, म्हणून ती उत्प्रेरक. गाडीच्या सायलेन्सरमधल्या प्लॅटिनमला हे करायला आधी चांगलं तापावं लागतं, हिला खोलीतली हवा पुरते. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स आणि कॅलिफोर्निया विद्यापीठांतल्या लोकांनी ती केली, म्हणून नाव हॉपकॅलाइट. कोळशाच्या खाणीतले कामगार आग लागली तर जीव वाचवायला जे उपकरण कमरेला बांधतात, त्यातही ती असते. तुमची खाण उघडी होती, तुम्हाला कधी तशी गरज पडली नाही.

जानेवारी ते मे माझे आकडे इतके सुरेख आले की मी पेपर लिहायला घेतला. जूनमध्ये त्याच बाटलीतली पूड मेल्यासारखी झाली. आधी गॅसच्या सिलिंडरवर संशय घेतला, मग यंत्रावर, मग स्वतःवर. रात्री दोन-दोन वाजेपर्यंत बसायचे आणि तुम्हाला फोनवर "छान चाललंय" सांगायचे. ओल या पुडीला मारते हे मी वाचलेलं होतं, पण बूच घट्ट आहे असं धरून चालले, तपासलं नाही. चूक माझीच होती.

त्या चवथीला घरी आले तेव्हा, आई, तू डब्यातले पोह्याचे पापड काढून चुलीजवळ मांडत होतीस. "सादळलेत गं, जरा ऊब दाखवली की झालं." मी तिथेच उभी राहिले. परत आल्यावर कोरड्या हवेत २०० अंशांवर दोन तास पूड तापवली आणि ती पूर्ववत झाली. पाण्याचे कण ऑक्सिजनच्या जागा अडवून बसले होते, दुसरं काही नव्हतं. मी एकटीच होते प्रयोगशाळेत, खूप रडले.

तोच मग माझा विषय झाला. आपल्याकडे चार महिने हवा ओली असते, तिथे ही पूड टिकवायची कशी? थोडं कथील मिसळून पाहिलं. तुझ्या भांड्यांना कल्हई लावायचे तेच. आता ती पावसाळी हवेतही आधीपेक्षा बराच जास्त वेळ काम करते. पुढच्या महिन्यात प्रबंध देते आहे.

बाबा, एक गोष्ट खास तुमच्यासाठी. युरियाच्या पोत्यामागे अमोनिया असतो आणि अमोनियामागे लोखंड. हाबर या शास्त्रज्ञाने १९०९ मध्ये ऑस्मियम हा धातू उत्प्रेरक म्हणून वापरून अमोनिया करून दाखवला, पण ऑस्मियम फार दुर्मीळ. मग जर्मनीत मिटाश नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने हजारो प्रयोग केले, तेव्हा स्वीडनमधल्या एका खाणीचं लोहखनिज कमालीचं चाललं. शुद्ध लोखंड चाललं नाही, भेसळीमुळेच ते खनिज चाललं होतं. १९१३ मध्ये त्यावर ओपाऊला कारखाना उभा राहिला. दगड हातात घेऊन "ह्यात माल आहे" म्हणायचात तुम्ही, ते मला हे वाचताना आठवलं.

सप्टेंबर २०१२ मध्ये खाणी बंद झाल्या तेव्हा मी अकरावीत होते. तुम्ही घरी बसलात, तरी माझी फी एकदाही उशिरा गेली नाही. सायन्स सोड असं एकदाही म्हणाला नाहीत. आईच्या पाटल्या तेव्हापासून दिसल्या नाहीत, हे मला माहीत आहे.

चवथीला दोन दिवस आधीच येते, गणपतीवरची माटोळी बांधायला. कोठीच्या दाराला अडकण म्हणून ठेवलेला तो काळा, जड मँगनीजचा दगड मला द्याल? थोडा कुटून त्याची पूड करायची आहे आणि उरलेला माझ्या टेबलावर ठेवायचा आहे.

तुमची,
सुमी